सोफीची जीभ

तिन्हीसांजेला अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, असं आपल्या घराघरांत सांगतात. बोललेला शब्द वाया जात नाही, एवढाच त्याचा साधा अर्थ. भाषासमितीही आपल्याला ठाऊक असते, पण ती आठवते दुसऱ्याबद्दल बोलताना. बाई स्वतःबद्दल काय बोलते, याचा हिशेब कोण ठेवतं? 'मला मेलीला काय कळतंय', 'माझं काय आता, झालं सगळं', असं दिवसातून किती वेळा तोंडून जातं बघा. डायना विन जोन्स या ब्रिटिश लेखिकेची 'हाऊल्स मूव्हिंग कॅसल' ही कादंबरी नेमकी या बोलण्याची गोष्ट आहे. ती १९८६ साली आली. २००४ साली जपानच्या हायाओ मियाझाकींनी तिच्यावर अ‍ॅनिमेशनपट काढला, आणि आज बहुतेकांना ठाऊक आहे तो चित्रपटच. चित्रपट फार देखणा आहे. पण पुस्तकातली एक गोष्ट त्यात अगदी पुसट झाली आहे, आणि ती आपल्या मुलींना कळायला हवी असं मला वाटतं.

कादंबरी घडते इंगरी नावाच्या देशात. तिथं जादूचे बूट, अदृश्य करणारे झगे खरोखरच असतात. मग परीकथेचे नियमही खरे असणारच. तीन भावंडं नशीब काढायला निघाली तर थोरलं आधी हरणार, जिंकणार धाकटं. आपल्या कहाण्यांतही बऱ्याचदा धाकटीचंच भाग्य उघडतं. सोफी तिघींतली थोरली. वडील गेल्यावर दोघी बहिणी बाहेर शिकायला जातात, ही मात्र हॅटच्या दुकानात सुया टोचत बसते. तिला कुणी कोंडलेलं नाही. आपलं काही व्हायचं नाही, हे तिनं स्वतःच ठरवून टाकलंय. जोन्सबाई स्वतः तीन बहिणींतल्या थोरल्या होत्या, म्हणून हे इतकं आतून आलं असावं.

एकटी बसून सोफी हॅटशी बोलते. एका साध्या, बापुड्या हॅटला ती सांगते की तुझं मन सोन्यासारखं आहे, कुणीतरी मोठा माणूस ते ओळखील. ती हॅट घेणारी मुलगी थोड्याच दिवसांत एका सरदाराबरोबर पळून जाते. वाचणारीला हळूहळू उमगतं की सोफी बोलते ते खरं होतं. ते उमगत नाही फक्त सोफीला. दुसऱ्याच्या डोक्यावरच्या हॅटला ती सोन्यासारखे शब्द देते, आणि स्वतःला रोज सांगते की मी थोरली, माझं काय होणार! वास्तू दोन्हीकडे तथास्तु म्हणत असते.

मग एक चेटकीण तिला शाप देऊन नव्वदीची म्हातारी करून टाकते. सोफी रडत बसत नाही. घर सोडते, हाऊल या बदनाम जादूगाराच्या चालत्या वाड्यात शिरते आणि मीच इथली झाडलोट करणारी, असं ठोकून देते. तरुणपणी जिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, ती म्हातारपणी जादूगारालाही फटकारते. हे आपल्याला नवीन नाही. आपल्याकडेही बाईला जीभ फुटते ती केस पिकल्यावरच, तोवर ती कुणाची तरी सून असते. हाऊल गुपचूप तो शाप उतरवायचा प्रयत्न करतो, पण तो काही उतरत नाही. तेव्हा तो ताडतो की हिलाच हे सोंग सोडायचं नाहीये. शाप चेटकिणीचा खरा, पण तो धरून ठेवलाय सोफीनं. कादंबरीतली ही जागा मला सगळ्यांत खोल वाटते.

चित्रपटात हॅटशी ते बोलणं नाही. तीन बहिणींतली एकटी लेटी उरली आहे, तीही थोडा वेळच. थोरलेपणाचा उल्लेख येतो, पण त्याचं ओझं जाणवत नाही. पुस्तकातला हाऊल मूळचा वेल्सचा. त्याची बहीण त्याला बिनकामाचा म्हणून सुनावते, आणि तो पोरींच्या मागं लागून मन जिंकलं की पळ काढतो. हे सगळं गाळून मियाझाकींनी युद्ध आणलंय. पुस्तकात त्याची नुसती कुणकुण आहे. चित्रपटात शहरं जळतात, आणि हाऊल पक्षी होऊन त्या आगीवरून उडतो. इराकवरच्या हल्ल्याचा संताप या चित्रपटामागं होता, हे मियाझाकींनी सांगितलंय. दोघांचंही बालपण दुसऱ्या महायुद्धातलं. जोन्सना पाचव्या वर्षी लंडनहून वेल्सला धाडलं होतं. मियाझाकींच्या घरच्या कारखान्यात लढाऊ विमानांचे भाग बनत. एकीनं युद्ध दाराबाहेर ठेवलं, दुसऱ्यानं ते घरात घेतलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

चित्रपटानं दोन गोष्टी तर पुस्तकापेक्षा चांगल्या केल्यात. एक म्हणजे म्हातारपणाचं शरीर. वाकलेली कंबर, टेकडी चढताना लागणारी धाप, राजवाड्याच्या पायऱ्यांवर सोफीपाठोपाठ घामाघूम झालेली ती लठ्ठ चेटकीण. हसता हसता आपल्याच घरातली माणसं आठवतात. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. पुस्तकातल्या चेटकिणीचा शेवट होतो. चित्रपटात तिची शक्ती काढून घेतल्यावर ती विसराळू म्हातारी होऊन बसते, आणि जिनं आपली तरुणाई हिरावली तिलाच सोफी घरात ठेवून घेते, घास भरवते. हे मियाझाकींचं स्वतःचं देणं आहे, आणि ते मनाला भिडतं.

पण शेवट बघा. हाऊलचं काळीज कॅल्सिफर नावाच्या अग्निराक्षसाकडे गहाण पडलेलं. पुस्तकात सोफीला तोवर आपल्या जिभेची ताकद कळलेली असते. हाऊलच्या वृद्ध गुरूबाईंनी तिला तोंडावर सांगितलेलं असतं की तू बोलून काठीत जीव घातलायस. म्हणून ती कॅल्सिफरला आणखी हजार वर्षं जगायला बजावते, ते काळीज हाऊलच्या छातीत घालते आणि त्याला कामाला लावते. चित्रपटात जवळजवळ तेच शब्द येतात, पण प्रार्थनेच्या सुरात. आधी तिच्या बोलण्याची ताकद कुठंच दाखवलेली नसल्यामुळं बघणारीला वाटतं, प्रेमानं चमत्कार झाला. पुस्तकात ती आज्ञा होती, चित्रपटात ती विनवणी झाली. फरक सुराचाच, पण पोरीच्या हाती काय लागतं ते सगळं त्या सुरात आहे. प्रेमाचा चमत्कार तर तिला प्रत्येक सिनेमा दाखवतोच.

चित्रपटातली सोफी निजली की तरुण दिसते, आणि मी कधीच सुंदर नव्हते असं म्हणाली की पुन्हा सुरकुतते. पुस्तकाचं मर्म मियाझाकींना कळलं होतं, हे तिथं दिसतं. पण त्यांनी ते रूपापुरतं ठेवलं. जोन्सबाईंची सोफी रूपाबद्दल फार बोलतच नाही. तिचा प्रश्न नशिबाचा, म्हणजे मला काही मागायचा हक्क आहे का, असा आहे.

जोन्सबाईंना चित्रपट आवडला होता, आणि तो आवडण्यासारखाच आहे. सुट्टीत मुलांबरोबर जरूर बघा. पण घरात एखादी थोरली पोर असेल, धाकट्यांचं करता करता स्वतःचं मागायला विसरलेली, सगळ्यांची आक्का झालेली, तर तिच्या हातात पुस्तक द्या. इंग्रजी सोपं आहे, आठवी-नववीतल्या मुलीला जमेल. आणि ती 'माझं काय' म्हणाली, तर तिला तिथंच थांबवा. तिचं बोलणं घरात कुणी ऐकत नसलं, तरी ती स्वतः ऐकत असते.