काळ्या-पांढऱ्यात शिरलेला रंग

काळे-पांढरे छायाचित्र किती जुने, हे आपण बहुधा त्याच्या तपकिरी छटेवरून ठरवतो. ही खूण आता भरवशाची राहिलेली नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातली वाचनालये, शाळा आणि सोसायट्या यांच्या भिंतींवरचे फोटो मी गेली काही वर्षे भिंगाखाली पाहतो आहे. कुठे संस्थापक असतात, कुठे १९७२च्या दुष्काळात खडी फोडणारी माणसे. त्यांतल्या कित्येक प्रती इंकजेट प्रिंटरवर काढलेल्या निघतात. काही तांबूस झाल्या आहेत, काही हिरवट. पाहणारा म्हणतो, 'केवढा जुना फोटो!' प्रत मात्र जेमतेम दहा-बारा वर्षांची असते, आणि शेजारची १९५०च्या सुमाराची मूळ प्रत अजून काळीच दिसते.

म्हणून प्रश्न फिकेपणाचा कमी आणि पुराव्याचा अधिक आहे. विटलेल्या रंगीत फोटोकडे पाहून रंग गेला हे कोणालाही कळते. काळ्या-पांढऱ्यात रंग येतो, आणि त्या रंगाला आपण वय समजतो.

जुन्या प्रतीत चित्र धातुरूप चांदीच्या कणांचे असते. साध्या भिंगातून ठिपके दिसत नाहीत. तीही अमर नव्हे. हायपो नीट धुऊन निघाला नाही, तर ती पिवळी पडते. धुण्याला भरपूर पाणी लागते, आणि आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच मारामार! जुन्या स्टुडिओंच्या प्रती पाहताना हे विसरू नये.

इंकजेटची गोष्ट वेगळी. साध्या प्रिंटरमध्ये काळी शाई एकच; मधल्या राखाडी छटा निळसर, किरमिजी आणि पिवळ्या शाईच्या मिश्रणातून उभ्या राहतात. भिंगाखाली राखाडी गालावर तिन्ही रंगांचे ठिपके दिसले, की समजावे. हे तीन रंग एका चालीने विटत नाहीत. जो आधी जातो, त्याच्या विरुद्ध छटा मागे उरते. डाय शाईत रंग विरघळलेला असतो, त्यामुळे ती लवकर हार खाते. २००० साली एप्सनच्या स्टायलस फोटो ८७० व १२७० या प्रिंटरांवरच्या काही प्रती थोड्याच दिवसांत नारिंगी पडल्या. दोष उन्हाचा नव्हता. हवेतला ओझोन सच्छिद्र कागदात शिरून निळसर रंग खात होता. काचेची चौकट केवळ धुळीसाठी नसते, ती अशी.

पिगमेंट शाईत रंगाचे घट्ट कण असतात, आणि काळ्या पिगमेंटचा कण म्हणजे कार्बन. आपल्या भाषेत काजळ. २००५मध्ये एप्सननेच काळ्या रंगाच्या तीन पातळ्या असलेला के-३ हा शाईसंच आणला; अमेरिकेतल्या जॉन कोन यांनी त्याआधीच निव्वळ राखाडी शायांचे संच केले होते. पोथ्या लिहिणाऱ्यांना यात नवल वाटले नसते. काजळ आणि डिंक घोटून केलेली त्यांची शाई शतकांनंतरही काळी आहे. कागद आधी जातो. पण शुद्ध कार्बनची छटा किंचित तपकिरी असते. ती तटस्थ दिसावी म्हणून महागडे प्रिंटरही थोडा रंग मिसळतात, आणि विटण्याची सुरुवात त्या थोड्यातूनच होते.

आता वेष्टनावरची वर्षे. कोणी शंभर लिहितो, कोणी दोनशे. तेवढी वर्षे कोणी थांबलेले नसते. प्रखर दिव्याखाली प्रत ठेवून, ठरावीक मर्यादेपर्यंत फिकी होईतो किती प्रकाश पडला हे मोजतात आणि त्याची वर्षे करतात. हेन्री विल्हेल्म यांच्या संस्थेने ४५० लक्स, रोज १२ तास हे माप धरले. कोडॅकने एके काळी १२० लक्स धरले होते. तासांचा हिशेब सारखा ठेवला, तर त्याच प्रतीचे आयुष्य दुसऱ्या मापाने पावणेचार पट होते! शाई तीच, भागाकार वेगळा. आणि थेट ऊन सुमारे एक लाख लक्स असते. पश्चिमेच्या व्हरांड्यात प्रतीवर तासभर ऊन आले, की पहिल्या हिशेबातले अठरा दिवस खर्ची पडतात.

मला खटकतो तो शाईपेक्षा आपला व्यवहार. फोटो स्कॅन झाला, मोठी चकचकीत प्रत भिंतीवर लागली, की मूळ प्रत रद्दीत जाते. शिर्डीच्या साईबाबांची १९१८पूर्वीची छायाचित्रे मोजकीच आहेत. घरोघरी दिसतात त्या प्रतींच्या प्रती. तिथे मूळ कोणते आणि नंतरचा हात कोणाचा, हा अभ्यासाचा विषय होतो. गावच्या शाळेच्या पहिल्या वर्गाचा फोटो मात्र एकच असतो, आणि त्याची जागा तांबूस पडणाऱ्या कागदाने घेतली, तर पडताळायला काहीच उरत नाही. संगणकातली फाइल आहे म्हणावे, तर ती कोणाच्या संगणकात, हे पुढच्या कार्यकारिणीला ठाऊक नसते.

प्रदर्शनांतल्या ओळींत फोटो काढल्याचे साल असते, प्रत काढल्याचे नसते. दोन्ही हवीत, सोबत शाई डाय की पिगमेंट आणि कागद कोणता, एवढेही. प्रतीच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने लिहावे. प्लास्टिकचा थर असलेल्या कागदावर पेन्सिल उमटत नाही. तिथे चौकटीच्या पाठीवर चिठ्ठी लावावी, आणि मूळ प्रत कोणत्या कपाटात आहे तेही तिच्यावर लिहावे.