उशिरा पडलेला उजेड

दोन कृष्णविवरं एक होतात तेव्हा एरवी उजेड पडायचं काही कारण नसतं. म्हणूनच 2020च्या जूनमध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आलेला, अशाच एका संभाव्य उजेडाविषयीचा मॅथ्यू ग्रॅहॅम आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध मला पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. लेखकांत आशिष महाबळ आहेत, आणि कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णीही. ज्या ‘झ्विकी’ आकाश-सर्वेक्षणाने हा उजेड टिपला, त्याचे तेव्हाचे प्रमुख कुलकर्णीच. कुरुंदवाड हे कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचं गाव; कोल्हापूरकरांनी हा निबंध आपला म्हणून वाचावा.

21 मे 2019 रोजी लायगो आणि व्हर्गो या वेधशाळांना गुरुत्वतरंगांची थरथर जाणवली, सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी. सूर्याच्या सुमारे 85 आणि 66 पट वस्तुमानाची विवरं एक झाली होती. सुमारे 34 दिवसांनी त्याच दिशेचा एक क्वेसार उजळला आणि महिनाभरात ओसरला.

निबंधाचा सगळा रस या 34 दिवसांत आहे. क्वेसार म्हणजे दीर्घिकेचं झगमगतं केंद्र; तिथल्या महाकाय विवराभोवती वायूची तबकडी फिरत असते. तिच्यात सापडलेली लहान विवरं वायूच्या ओढीने सरकत ठरावीक पट्ट्यांत गोळा होतात, तिथे जोड्या जुळतात आणि वायू त्यांची ऊर्जा काढून घेत त्यांना जवळ आणतो. (नेहमीच नाही, काही गणितांत हाच वायू जोडीला लांब ढकलतो.) विलीन होताना नव्या विवराला धक्का बसतो, लेखकांच्या हिशेबाने सेकंदाला 200 किलोमीटरचा. स्वतःभोवतीचा वायू घेऊन ते तबकडीत घुसतं, वायूवर वायू आदळून तापतो. पण त्या दाटीतून उजेड बाहेर यायला आठवडे लागतात. जोडी जुळवणारा मध्यस्थच साक्षीदार होतो आणि साक्ष उशिरा देतो, ही कल्पना विलक्षण सुंदर आहे.

त्याहून देखणी एक बारीक नोंद: उजेड वाढला, ओसरला, पण त्याचा रंग बदलला नाही. अतिनवतारा निवत जाताना लालसर होतो. इथे तापमान ढळलंच नाही. एवढ्यावर लेखक अतिनवताऱ्याची शक्यता शांतपणे बाजूला ठेवतात.

2021मध्ये इतर अभ्यासकांनी दाखवलं, की तरंग आणि उजेड यांचं नातं ठामपणे सांगायला हा पुरावा अपुरा आहे. माझ्या लेखी निबंधाचं मोल त्याने घटत नाही. लेखकांनी स्वतःची परीक्षा गोषवाऱ्याच्या शेवटच्या वाक्यातच लावून घेतली होती: धक्क्याने तबकडीबाहेर पडलेलं विवर तिला पुन्हा येऊन भिडेल, आणि साधारण 1.6 वर्षांनी, केंद्रातल्या विवराच्या वस्तुमानानुसार मागेपुढे, हाच क्वेसार परत उजळेल.