परभाषेतला आवाज, कराराची भाषा

कोरियन लोकप्रिय गायकांविषयी मराठीत जे थोडेफार छापून येते, त्यात नाच असतो, पेहराव असतो, चाहत्यांचे आकडे असतात. ते कोणत्या भाषेत गातात आणि ती भाषा कोण ठरवते, हा प्रश्न फारसा येत नाही. मी अनुवादक असल्यामुळे माझे लक्ष आधी तिकडेच जाते.

बोआ ही गायिका २००० साली, तेराव्या वर्षी, कोरियन अल्बम घेऊन आली. पुढच्याच वर्षी ती जपानीत गाऊ लागली आणि २००२ मध्ये तिचा जपानी अल्बम तिथल्या ओरिकॉन यादीत पहिला आला. नंतरच्या ‘डोंग बांग शिन की’ या पाच तरुणांच्या गटाचे नाव जपानमध्ये त्याच चिनी अक्षरांत ‘तोहोशिंकी’ असे वाचले गेले. एकच लेखन, दोन उच्चार; अनुवादकाला मोह पडावा असे उदाहरण. पण यातले तिघे २००९ मध्ये कंपनीविरुद्ध न्यायालयात गेले. करार तेरा वर्षांचा होता.

इथे रिछाईत, कारखान्यांच्या शेजारी, घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी असताना, शाळकरी मुली कोरियन गाणी अर्थ न कळताही घडाघडा म्हणतात. मला त्यात वावगे वाटत नाही. अर्थाआधी उच्चार जिभेवर बसतो. अनुवादाचेही पुष्कळदा तसेच असते.

आपल्याकडे याचे जुने उदाहरण शांता आपटे. प्रभातच्या ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) त्या मराठीत आणि हिंदीत गायल्या. ‘कुंकू’ (१९३७) हिंदीत ‘दुनिया न माने’ झाला. संगीत केशवराव भोळ्यांचे, आणि मधेच लाँगफेलोची इंग्रजी कविता. तिचे शब्द मराठी तोंडातून आलेले आहेत हे लपत नाही, आणि लपवायचा प्रयत्नही दिसत नाही. फसवून म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधलेली नीरा असेच गाईल. सफाईदार उच्चाराने ती नीरा उरली नसती.

१९३९ मध्ये कंपनीशी वाद होऊन शांताबाई पुण्यात प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. आपल्या चित्रपटविषयक लेखनात हा प्रसंग तडफदार नटीचा किस्सा म्हणून येतो, चवीने सांगितला जातो आणि तिथेच संपतो. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिले, ते मात्र गाण्यांच्या चर्चेत कुणी उघडत नाही. ऐन उमेदीतली गायिका आपल्या धंद्याविषयी लिहिते आणि नावातच प्रश्नचिन्ह ठेवते! मग त्या तमिळ शिकल्या, आणि १९४१ च्या ‘सावित्री’त स्वतःच्या आवाजात तमिळ बोलल्या, गायल्या. त्याच चित्रपटात एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारदाच्या भूमिकेत होत्या.

नुसती गाणी ऐकून हिंदी आणि तमिळ यांतला फरक कळायचा नाही. हिंदी आवृत्ती हा कंपनीच्या बाजारपेठेचा हिशोब होता. तमिळ ही कंपनी सोडलेल्या बाईने मेहनतीने मिळवलेली भाषा होती. ‘बहुभाषिक गायिका’ म्हटले की दोन्ही एकाच पोत्यात जातात. बीटीएसविषयीही हेच होते. २०२० मध्ये त्यांचे पूर्ण इंग्रजी ‘डायनामाइट’ अमेरिकन यादीत पहिले आले, नंतर त्याच वर्षी बहुतांश कोरियन ‘लाइफ गोज ऑन’ही. याला कोरियन भाषेचा विजय म्हणतात. अर्धे मला पटते. पण भाषा जिंकली तेव्हा गाणाऱ्याचा त्या निर्णयात वाटा किती होता, हेही समीक्षेने विचारायला हवे. कोरियात २००९ मध्ये नमुना करार आला, मुदत सात वर्षांवर आणली गेली. ती चाहत्यांनी नव्हे, कज्ज्यांनी आणली.

बीटीएसच्या हाइब या कंपनीने २०२५ मध्ये मुंबईत शाखा उघडली आहे. उद्या तिथे एखादी मराठी मुलगी कोरियनमध्ये ध्वनिमुद्रण करील. तिचे उच्चार मी कान देऊन ऐकेन. पण आधी विचारीन, सही केली तो करार तिला वाचता येईल अशा भाषेत होता का?