तेलाची गाथा आणि ग्राहकाचे गणित

डॅनियल येर्गिन यांचे ‘द प्राइझ’ हे खनिज तेलाच्या इतिहासावरील जाडजूड इंग्रजी पुस्तक १९९१ च्या आखाती युद्धाच्या तोंडावर प्रसिद्ध झाले. १९९२ मध्ये त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. आज तीन दशकांनंतरही ‘ऊर्जासुरक्षा’ हा विषय निघाला की या पुस्तकाचा हवाला दिला जातो. वरच्या वर्गांना ऊर्जा शिकवणाऱ्या शिक्षकांनी ते वाचावे काय? आमचे उत्तर असे की, अवश्य वाचावे. मात्र कागद-पेन्सिल जवळ ठेवून वाचावे.

पुस्तकाचे गुण आधी सांगितले पाहिजेत. १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात खोदलेल्या विहिरीपासून १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत करेपर्यंतचा पट येर्गिन यांनी कादंबरीच्या ओघाने उलगडला आहे. रॉकफेलरची मक्तेदारी, १९४१ च्या तेलबंदीमुळे कोंडीत सापडलेला जपान, १९७३ चा अरब राष्ट्रांचा बहिष्कार या घटना एका सूत्रात ओवलेल्या पाहून इतिहासाचा आणि भूगोलाचा तास एकाच वेळी घेतल्यासारखे वाटते.

परंतु या गाथेचे नायक आहेत तेल कंपन्या आणि बड्या राष्ट्रांचे राज्यकर्ते. भारतासारखा गरीब ग्राहक देश तिच्यात क्वचितच डोकावतो. वास्तविक हे पुस्तक बाजारात येत होते त्याच सुमारास आपण तेलाच्या राजकारणाची किंमत मोजत होतो. भाव भडकले, कुवेतमधून व इराकमधून सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले, आधीच तोळामासा असलेली परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि १९९१ मध्ये देशाचे सोने परदेशात तारण ठेवण्याची पाळी आली. ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर ऊर्जासुरक्षेचा अर्थ बदलतो. तो येर्गिन यांनी फारसा तपासलेला नाही, ही आमची मुख्य तक्रार आहे.

उदाहरणादाखल त्यांनी ठळकपणे मांडलेला चर्चिल यांचा दाखला घेऊ. ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलावर नेताना १९१३ मध्ये चर्चिल यांनी पार्लमेंटात सांगितले की, तेलाची शाश्वती पुरवठ्याच्या विविधतेतच आहे. ऊर्जासुरक्षेचे हे जणू पहिले सूत्र मानले जाते. पण पुढच्याच वर्षी, १९१४ मध्ये, ब्रिटिश सरकारने केले काय? इराणातील तेल काढणाऱ्या एकाच कंपनीचे ५१ टक्के भाग विकत घेतले. सूत्र विविधतेचे आणि कृती मालकीची! ज्याच्याजवळ आरमार आहे त्याला हे परवडते. ज्याच्याजवळ ते नाही त्याच्या हाती विविधताच उरते. मग ती मोजायची कशी, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडे ती देशांच्या संख्येने मोजण्याची प्रथा पडली आहे. पूर्वी २७ देशांकडून तेल घेत होतो, आता सुमारे ४० देशांकडून घेतो, असे सरकारतर्फे सांगितले जाते. हे मोजमाप शास्त्रीय नाही, असे आम्हाला वाटते. वर्गात एक सोपे गणित घालून पाहा. चार पुरवठादार प्रत्येकी २५ टक्के माल देत असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याचा (०.२५) वर्ग करून बेरीज घ्या. ती ०.२५ येते. १ ला या बेरजेने भागले की ४ मिळतात. म्हणजे पुरवठादार खरोखरच चार आहेत. आता एक जण ७० टक्के आणि उरलेले तिघे १०-१० टक्के देतात असे समजा. बेरीज ०.५२ येईल आणि उत्तर दोनच्याही किंचित खाली. नावे चार, पण आधार दोघांचाच! आणि चौघांचीही जहाजे एकाच सामुद्रधुनीतून येत असतील तर? उत्तर १.

ही कल्पनेतली भीती नव्हे. इराक, सौदी अरेबिया, अमिराती, कुवेत, कतार हे पाच वेगळे देश आहेत. पण सर्वांचा समुद्रमार्ग मुख्यतः होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जातो. ती सर्वांत अरुंद ठिकाणी सुमारे ३३ किलोमीटर आहे. २०२४ मध्ये तिच्यातून दररोज सुमारे २ कोटी पिंपे तेल व तेलजन्य पदार्थ गेले, म्हणजे जगाच्या खपाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. सौदी व अमिरातींनी वळसा घालणाऱ्या नळवाहिन्या टाकल्या आहेत, पण त्यांची क्षमता या ओघापुढे अपुरी पडते.

२०२२ नंतर भारताने रशियाकडून मोठ्या प्रमाणावर तेल घेतले. त्यापूर्वी आपल्या आयातीत रशियाचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास होता. २०२३-२४ मध्ये तो एक-तृतीयांशावर गेला. पाश्चात्त्य टीका सोसून घेतलेल्या या निर्णयाने आपले पैसे वाचले आणि ते तेल बाजारात टिकल्यामुळे जगातील भावही आवरले गेले. हे मुत्सद्देगिरीचे खरे यश आहे. परंतु त्यातील बरेचसे तेल सुएझ कालवा आणि तांबडा समुद्र या मार्गाने येते, आणि २०२३ च्या अखेरीपासून तेथेही जहाजांवर हल्ले झाले.

याहून महत्त्वाचा मुद्दा रसायनशास्त्राचा आहे. ‘ऊर्जा’ हा शब्द वापरला की सर्व इंधने एकाच मापात बसतात, पण घरातल्या शेगडीत कच्चे तेल ओतता येत नाही. देशात स्वयंपाकाच्या गॅसच्या सुमारे ३३ कोटी जोडण्या आहेत. २०२४-२५ मध्ये गॅसचा खप सुमारे ३.१ कोटी टन होता. त्यातील जवळजवळ ६० टक्के गॅस आयात झाला आणि तोही बहुतांश आखातातून. म्हणजे रोजची गरज सुमारे ८५ हजार टनांची. विशाखापट्टणमला खडकात खोल कोरलेली गॅसची साठवण-गुहा आहे. तिची क्षमता ६० हजार टन. देशाची एका दिवसाची चूलही तिच्यावर पेटणार नाही! प्रोपेन-ब्युटेनचे हे मिश्रण द्रवरूपात ठेवण्यासाठी दाब द्यावा लागतो, म्हणून त्याचा साठा करणे कच्च्या तेलाहून अवघड आणि महाग असते.

कच्च्या तेलाची स्थितीही विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावी. विशाखापट्टणम, मंगळूर व पादूर येथील राखीव गुहांची एकूण क्षमता ५३.३ लाख टन आहे आणि २०२४-२५ ची आयात सुमारे २४ कोटी टन होती. भागाकार केला तर गुहा काठोकाठ भरलेल्या असतानाही आठ दिवसांची आयात भरते. तेल कंपन्यांच्या टाक्यांतील साठा अर्थातच वेगळा. पण १९७४ मध्ये श्रीमंत राष्ट्रांनी स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेत सदस्यांना सर्व मिळून ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका साठा ठेवण्याचे बंधन आहे, हे ध्यानात घ्यावे. भारत २०१७ पासून या संस्थेचा सहयोगी आहे.

मग सौरऊर्जा? २०१५ मध्ये पॅरिस येथे भारताच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय सौर आघाडी घोषित झाली, हे पाऊल आम्हाला दूरदृष्टीचे वाटते. सूर्यप्रकाशाला जहाज लागत नाही. मात्र सौरपत्रे बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यात जगातील ८० टक्क्यांहून अधिक उत्पादनक्षमता चीनमध्ये एकवटल्याचे २०२२ मध्ये दिसून आले होते. वरचे वर्गांचे गणित येथेही करावे लागेल. फरक एवढाच की, तेलाचा पुरवठा थांबला तर काही आठवड्यांत चाके थांबतात. सौरपत्र्यांचा थांबला तर बसवलेले पत्रे वीज देतच राहतात. हा फरक लहान नाही.

येर्गिन यांची गाथा आपल्याला सांगते की तेलासाठी कोण कोणाशी झुंजले. ते वाचून झाल्यावर विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारावेत: आपल्या घरी येणारे इंधन कोणत्या वाटेने येते, ते थांबले तर किती दिवस पुरेल, आणि त्याच्या जागी दुसरे काय चालेल? एखाद्या कराराची बातमी वाचतानाही हेच प्रश्न विचारावेत. किती देशांशी हस्तांदोलन झाले, यापेक्षा या उत्तरांत काय सुधारणा झाली, यावरून त्या कराराचे मोल ठरेल.