अ‍ॅक्चुअली

हल्ली 'अ‍ॅक्चुअली'शिवाय कुणाच्या वाक्याची भवानीच होत नाही. वास्तविक मराठीत या कामाला माणसं कमी नव्हती. भांडण उकरायला 'मुळात', तक्रारीला 'वास्तविक', सभेत उभं राहिलं की 'वस्तुतः' आणि कबुलीजबाबाला 'खरं सांगायचं तर'. प्रत्येकाचं खातं वेगळं. 'अ‍ॅक्चुअली'नं चारही बळकावली. त्या इंग्रजी शब्दाच्या पोटात 'अ‍ॅक्ट' आहे, म्हणजे कृती. आपल्याकडे तो नेमका कृती टाळताना येतो.

परवा चिरंजीवांचा फोन आला, "बाबा, अ‍ॅक्चुअली..." पुढचं ऐकण्याआधीच मी हिला म्हटलं, "यंदा अनारसे निम्मेच कर."

'खरं सांगायचं तर, येत नाही' एवढं म्हणाला असता, तरी इतकं लागलं नसतं.