कोसबाडची टेकडी आणि बालाघाटचे वर्ग

अनुताई वाघ ह्यांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन बहुधा त्यागाची कथा म्हणून वाचले जाते. आम्हांस ते अध्यापनशास्त्राचे पुस्तक वाटते. ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली बोर्डीस आरंभिलेले ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य पुढे कोसबाडच्या वारली पाड्यांत रुजले. मूल गुरे राखावयास जाते म्हणून शाळेत येत नाही, असे दिसताच ह्या दोघींनी मुलास बोल लावला नाही. शाळाच कुरणात नेली. थोरले मूल धाकट्यास सांभाळते, म्हणून पाळणाघर, बालवाडी व शाळा एकत्र आणली. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया आणि खडे हाती दिले.

दारिद्र्य आणि गुणपत्रिका ह्यांमधला दुवा शिक्षकाने ओळखावयाचा असतो, हा त्यातला धडा. गोंदियाशेजारच्या बालाघाट जिल्ह्यात, बैहरच्या बाजूस, बैगा व गोंड मुले शाळेत हिंदीतून शिकतात. घरची बोली निराळी. पाठटाचण उत्तम काढणाऱ्या शिक्षकासही त्या मुलांचा दिवस ठाऊक नसेल, तर त्यांचे मौन त्याला मंदबुद्धीच वाटेल.

ग्रंथाची मर्यादा एवढीच, की अनुताईंच्या तेजापुढे त्यांची पद्धत झाकोळते. निष्ठा शिकविता येत नाही, पद्धत शिकविता येते. म्हणून अध्यापक विद्यालयांनी हे पुस्तक चरित्र म्हणून नव्हे, पाठ्यग्रंथ म्हणून लावावे.

आपल्या देवळांतून गुणवंतांस शाल-श्रीफळ मिळते, ते मिळोच. परंतु ज्याचे नाव त्या यादीत कधीच येत नाही, त्यास समजून घेणारा शिक्षक घडविणे, हीही सरस्वतीचीच पूजा होय.