इंडोलंट : एका शब्दाची उलटतपासणी



मागं नायगावात आपलं कवितावाचन झालं. एका दोस्तानं वस्तीवर कविता वाचली. चांगली चालली होती. शेवटाकडं मात्र तो आपल्याच माणसांना 'लेझी', 'केअरलेस', 'लेथार्जिक' म्हणत गेला, एकामागून एक, दगड मारावेत तसा. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू. घरी आलो नि झोप लागेना. म्हणून हे लिहितोय. माझं भांडण दोस्ताशी नाही, त्याच्या ह्या तीन शब्दांशी आहे.

आमच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात बाबासाहेबांचा जुना फोटो, आजाचा गिरणीचा पास आणि एक इंग्रजी कागद. आजा परळच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होता. कागद म्हणजे १९७३ ची चार्जशीट. आजाला वाचता येत नव्हतं. त्यानं खाली अंगठा उठवला आणि ती सनदेसारखी जपून ठेवली. मी शाळा आठवीत सोडली. फाउंटनच्या फुटपाथवरनं फाटकी डिक्शनरी आणली आणि बदलीची वाट बघत गिरणीच्या गेटावर बसून इंग्रजी शिकलो. तिच्यात 'लिस्टलेस' असा एक शब्द सापडला, म्हणजे मरगळलेला. मला वाटलं, लिस्टात ज्याचं नाव लागलं नाही तो! गेटावरच्या बदलीवाल्याला दुसरं काय वाटणार?

तर आजाच्या कागदात लिहिलं होतं : इंडोलंट, केअरलेस. आणि खाली चार तारखा.

इंडोलंट शब्द लॅटिनमधला. 'दोलेर' म्हणजे दुखणं, 'इन' म्हणजे नाही. ज्याला दुखत नाही तो इंडोलंट. डॉक्टरी इंग्रजीत न दुखणाऱ्या गाठीला हा शब्द लावत. माणसापर्यंत येता येता त्याचा अर्थ आळशी झाला. केअरलेसची गोष्ट तशीच. जुन्या इंग्रजीत 'केअर' म्हणजे दुःख, घोर. केअरलेस म्हणजे बिनघोर माणूस. खोलीचं भाडं थकलेलं, गावची मनीऑर्डर राहिलेली, घरात चार पोरं, आणि साहेब लिहितो की हा बिनघोर आहे, ह्याला दुखत नाही.

त्या वर्षाचं कॅलेंडर मांडून मी तारखा बघितल्या. ८ जानेवारी सोमवार. २२ जानेवारी सोमवार. ५ फेब्रुवारी, तोही सोमवार.

आता सोमवारचं ऐका. कार्डिंगमध्ये कापूस पिंजून सरळ होतो आणि त्याची धूळ उडते. ती वर्षानुवर्षं छातीत जाते. तिनं जो रोग होतो त्याला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण अशी, की सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते, दम लागतो, हातपाय चालत नाहीत. सुरवातीला आठवडाभरात जरा बरं वाटतं. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. मग एक दिवस असा येतो की सगळेच वार सोमवार होतात. लोखंड्यांनी १८९० मध्ये झगडून मिळवलेला रविवार आजाला असा महाग पडायचा.

इंग्रजीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. लँकेशायरच्या कार्डरूममधल्या कामगारांना ह्याच रोगापायी १९४० च्या दशकातच भरपाई मिळू लागली होती. त्याच भाषेत त्याच दम्याला तिकडं रोगाचं नाव, आणि तीस वर्षांनी परळमध्ये इंडोलंट. म्हणजे डिक्शनरी एक, पण पानं उघडणारा हात वेगळा.

आणि आजा कार्डिंगलाच का? साचेखात्यात पगार जास्त होता. पण तिथं धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढावा लागायचा, म्हणून आपल्या माणसाला साच्याला शिवू देत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल उभा केला तो उगीच नाही. माझ्या पणज्याला त्यामुळं धुळीतलं काम मिळालं, आणि त्याच्या वशिल्यानं आजाला तेच. आधी जातीनं धुळीत ढकललं, मग धुळीनं दम काढला, मग दम गेला म्हणून आळशी. ही साखळी चार्जशीटमध्ये नाही. आमच्या दोस्ताच्या कवितेतही नाही, हे माझं दुखणं आहे.

मराठीत आळशाला 'ऐदी' म्हणतात. तो शब्द मोगल बादशहाच्या खास चाकरीतल्या अहदी शिपायांवरून आला. म्हणजे आपल्या भाषेला आळस दिसला तो दरबारात बसून खाणाऱ्यांत. मग आपली पोरं तो शब्द सोडून गिरणीमालकाचा शब्द का उचलतात? इंग्रजी आलं की कविता मोठी होते असं कुणी सांगितलं? ऑफिसात आपल्याला 'सरकारचे जावई' म्हणतात तेव्हा आपण चवताळतो. तीच शिवी इंग्रजीत आली की टाळ्या.

दोस्ताच्या कवितेतली वस्ती भर दुपारी झोपलेली आहे. अरे बाबा, तो दरवाजा वाजवून तर बघ. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्यांच्या जागेवर मॉल आले. संपात बसलेल्यांची नातवंडं तिथं रात्रीचे बारा तास उभी असतात, सिक्युरिटीच्या निळ्या शर्टात. ती दुपारी नाही झोपणार तर कधी? 'लेथार्जी'चं ग्रीक मूळ पाहा : विसर, आणि बिनकाम. काम तर गेलंच होतं. विसरलं मात्र कोण, ते कवीनं आपल्यालाच विचारावं.

राहिली चौथी तारीख. ती कागदावर सगळ्यात वर आहे आणि ती सोमवारची नाही. तिच्यापुढं लिहिलंय : न सांगता खाडा, कामाबद्दल बेफिकिरी. ६ डिसेंबर १९७२, बुधवार. आजी सांगते, आदल्या रात्रीपासून तो दादरला रांगेत उभा होता.